चक्कीवर भरलेली सभा

वायरमनला लोक जन्मभर एकच प्रश्न विचारतात, "लाईट कधी येणार?" लाईट कुठून येते, कशी येते, ती कोणाच्या मालकीची असते, हे माझ्या साऱ्या नोकरीत मला एकाही माणसाने विचारलं नाही. डॉक्टरला लोक निदान "काय झालंय?" असं तरी विचारतात. आम्हाला बघितलं की लोक आधी घड्याळ बघतात.

मी सुरतेच्या लूमखात्यांत वायरमन होतो. खातं म्हणजे मागांची शेड. तिथे खडखडाट इतका असतो की समोरासमोर उभे असलेले दोन कारागीर हातवारे करूनच बोलतात. हा आवाज अचानक थांबला की समजायचं, आता आपल्याला हाक येणार. शांतता झाल्यावर ज्याच्या काळजात धस्स होतं असा माणूस म्हणजे वायरमन. अजूनही घरातला पंखा बंद पडला की मी झोपेतून उठून बसतो आणि बायको म्हणते, "निजा, तुम्ही रिटायर झालात."

शेठ लोकांच्या तऱ्हा काय सांगाव्यात! कांतिभाई म्हणून एक शेठ होते. त्यांच्या खात्यात फ्यूज वारंवार उडायचा. त्यांनी कुणाच्या तरी सल्ल्याने त्यात जाड तार घालून ठेवली आणि मला अभिमानाने दाखवली. म्हणाले, "मिस्त्री, हवे नहीं उडे." आता उडणार नाही. मी म्हटलं, "शेठ, फ्यूज म्हणजे घरातला कटकट्या म्हातारा. तो आधी ओरडतो म्हणून घर वाचतं. तुम्ही त्याच्या तोंडात बोळा कोंबलाय." ते हसले. पुढे त्यांची मोटर जळून कोळसा झाली तेव्हा हसले नाहीत. पण माणूस दिलदार. त्या दिवसापासून विजेच्या बाबतीत मी सांगेन ती पूर्वदिशा. पुढे हीच ओळख आमच्या कामी आली.

आमच्या सहकारी मंडळीची, म्हणजे इकडच्या भाषेत सहकारी संस्थेची, गोष्ट सांगायची तर आधी बारडोलीकडे जावं लागेल. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका ओळखीच्या ठेकेदाराबरोबर मी तिकडच्या साखर कारखान्यात वायरिंगला गेलो होतो. तिथे शेतकऱ्यांची सभा चालली होती. चिखलाच्या पायांचा एक म्हातारा उठला आणि कोट घातलेल्या साहेबाला ऊस तोडायला उशीर का झाला म्हणून फैलावर घेऊ लागला. साहेब मान खाली घालून ऐकत होता. मी ठेकेदाराला विचारलं, "हा म्हातारा कोण?" तो म्हणाला, "मालक. इथे सगळेच मालक." मी शिडीवर होतो म्हणून, नाहीतर खाली बसूनच घेतलं असतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या शेडमध्ये दुसऱ्यांच्या तारा जोडल्या. सुरतेतल्या आमच्या डिंडोलीच्या खानदेशी वस्तीतल्या माणसांना कशाचे मालक म्हणून असं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

रिटायर झाल्यावर डोक्यात तेच घोळत राहिलं. ऊस आमच्याकडे नव्हता, पण ऊन होतं, आणि सुरतेत उन्हाला तोटा नाही. कांतिभाईंच्या शेडला नवं मजबूत छप्पर झालं होतं. मी त्यांना म्हटलं, छप्पर तुमचं, सोलरच्या पाट्या आमच्या. होणारी वीज तुम्ही दिवसा मागांना वापरा आणि वीज कंपनीपेक्षा कमी भावाने आम्हाला पैसे द्या. उरलेली वीज लाईनीत जाईल, तिचे कंपनी देईल. खर्च जाऊन जे राहील ते आम्हा सभासदांत वाटलं जाईल. कांतिभाई विचार करून म्हणाले, "दिवाळी सुधी राह जोईश. पछी कंपनीवाळाने हा पाडी दईश." दिवाळीपर्यंत थांबतो, नंतर खासगी कंपनीवाल्यांना होकार देतो. त्यांच्याकडे बड्या सोलर कंपनीचा माणूस येऊन चहा पिऊन गेलाच होता.

म्हणजे दिवाळीच्या आत मंडळी उभी करायची होती. सभासद हवेत, त्यांचे शेअर हवेत, सरकारी कचेरीत नोंदणी हवी. आणि इथेच आम्ही खानदेशी लोकांनाच जमेल असा घोळ घातला.

माझा चुलतभाऊ नानाभाऊ भाऊबंदकीतला, म्हणजे आमच्या कुळातला, कर्ता माणूस. त्याने तोड काढली. म्हणाला, "कानबाईना दिन बठी भाऊबंदकी एक जागे ऱ्हास. तव्हयच बोली टाकू." कानबाईच्या दिवशी सगळे एका जागी असतात, तेव्हाच बोलून टाकू. ज्यांना कानबाई ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्ही कानबाई बसवतो. भाऊबंदकीतल्या प्रत्येक माणसाच्या नावाने मुठीने गहू मोजून एकत्र करतात, दळतात आणि त्याचे रोट होतात. ज्याच्या नावाची मूठ त्यात आहे तो कुळातला. रोट कुळातल्यांनीच खायचा, बाहेर द्यायचा नाही. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, रात्रभर गाणी, आणि सोमवारी तापीकाठी विसर्जन. नोकरीधंद्यापायी पांगलेला माणूसही त्या दिवशी हजर असतो. तेव्हा नानाची तोड मलाही नामी वाटली.

आणि झालीही नामीच. पुरणपोळी पोटात असताना माणूस नाही म्हणत नाही. मी उठून पाटी, शेअर, मालकी असं सगळं समजावलं. नानाची आई, आमची आक्का, भाऊबंदकीत सगळ्यांत वडील. तिने मान हलवली आणि काम फत्ते झालं. एकेका घराने बापाच्या नावाने, मुलांच्या नावाने, सुरतेबाहेरच्या पुतण्याच्या नावानेसुद्धा शेअर लिहवून घेतले. मी घरी आलो तेव्हा जग जिंकल्यासारखं वाटत होतं.

सुमनताईने मला गाठलं ते त्याच आठवड्यात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिची पिठाची चक्की आहे. नवरा रेल्वेच्या रुळांवर कामाला होता. भुसावळकडची बौद्ध माणसं, नोकरीमागे इकडे आली. नवरा गेल्यावर तिने आलेल्या पैशांतून चक्की घेतली आणि त्यावर घर चालवलं. तिची मोटर मी दोनदा दुरुस्त करून दिलेली, म्हणून मला भाऊ म्हणायची.

"भाऊ, तुमच्या त्या उन्हाच्या मंडळीत मला शेअर मिळेल का?"

"का नाही मिळणार?"

"मी नानाभाऊंना विचारलं होतं. ते म्हणाले, नंतर बघू." तिने पिठाचा हात पदराला पुसला. "घर भाड्याचं आहे. डोक्यावर पत्रा, तोही दुसऱ्याचा. त्यावर पाटी बसणार नाही हे तुम्हीच सांगितलं होतं मला. चक्कीचं बिल भरता भरता जीव जातो. पण बिलासाठीच नाही विचारत. माझ्या नावावर थोडं ऊन झालं तर बघा."

मी नानाकडे गेलो. नाना ओशाळला आणि त्याने आईकडे बोट दाखवलं. आक्का ओसरीवर तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रोट कोणी बाहेर देस का?"

मी म्हटलं, "आक्का, हे रोट नाहीत. शेअर आहेत."

"कानबाईसमोर मांडं ना तुम्ही? मंग रोटच."

बोलणं संपलं. चूक तिची नव्हती. शेअर आम्हीच कानबाईसमोर मांडले होते आणि रोटासारखेच माणसागणिक वाटले होते. तिने त्याला रोटाचा नियम लावला तर बिघडलं कुठे? पण एक गोष्ट मला ठाऊक होती आणि सगळ्या गल्लीलाही ठाऊक होती. कानबाईचे गहू आक्काने कधी सुमनताईच्या चक्कीवर नेले नव्हते. चार पावलांवर चक्की असताना रिक्षा करून लांबच्या चक्कीवर जायची. विचारलं तर म्हणायची, तिथलं पीठ बारीक येतं. खरं कारण कोणी उच्चारत नसे. मला त्याची लाज वाटायची आणि अजून वाटते.

सुमनताईची चक्की वाटेत लागू नये म्हणून मी काही दिवस दुसऱ्या रस्त्याने भाजी आणायला जाऊ लागलो.

तेवढ्यात नोंदणीची कचेरी आमच्या मदतीला आली, म्हणजे तिने आमचे कागद परत केले. तिथल्या बाईंनी एकेक नाव वाचलं. पाटील, पाटील, पाटील, पाटील. चष्मा काढून त्यांनी विचारलं, "आ बधा एक ज घरना छे?" नाना छाती काढून म्हणाला, "हो मॅडम, एकच भाऊबंदकी. एकीचं बळ!" बाई हसल्या आणि त्यांनी समजावलं, की सहकारी मंडळीला वेगवेगळ्या कुटुंबांची माणसं लागतात. एका घराने आपल्यातच काढली तर ती मंडळी कसली, तो घरचा धंदा झाला. वेगळ्या घरची माणसं घेऊन या.

ती माणसं होती, आमच्याच आजूबाजूला होती. पण मी दारोदार फिरायला लागलो तेव्हा कळलं, की आपण काय करून बसलोय. मागच्या गल्लीतला उडिया कारागीर म्हणाला, "वो तो आप लोगों की पूजावाली चीज है ना?" कोपऱ्यावरचा गुजराती शिंपी म्हणाला, ते तर पाटलांचं आहे. बौद्ध वस्तीतली माणसं काही बोललीच नाहीत, चहा देऊन त्यांनी मला वाटेला लावलं. दिवाळी जवळ येत होती. कांतिभाईंचा फोन आला, कंपनीवाला पुन्हा चहा पिऊन गेला म्हणून. मला वाटलं, संपलं. चालून आलेलं ऊन आम्ही हाताने परत पाठवणार.

शेवटी मी सुमनताईकडे गेलो. सगळं सांगितलं, कागद परत आल्याचंसुद्धा. तिने चक्की बंद केली नाही. आवाजातच ऐकलं. लूमवाल्याला त्याची सवय असते, मीही ओरडूनच बोललो.

"म्हणजे आता तुम्हाला मी पाहिजे," ती म्हणाली.

"हो."

"आधी मला पाहिजे होतं तेव्हा नंतर बघू."

तिने डबा उतरवला, दुसरा लावला. मग म्हणाली, "मी येते. पण तुमच्या ओसरीवर येणार नाही. सभा इथे घ्या. पीठ सगळ्यांच्याच घरात जातं. इथे यायला कोणाला आमंत्रण लागत नाही."

इतकी साधी गोष्ट आम्हाला सुचली नव्हती. मी नानाला सांगितलं, तर नाना आधी आईकडे बघू लागला. मग त्याने कधी नव्हे ती हिंमत केली आणि हो म्हणाला.

सभा रविवारी सकाळी ठरली, कारण रविवारी दळणाला गर्दी असते. सुमनताईने चक्की बंद ठेवायला साफ नकार दिला. म्हणाली, येईल तो ऐकेल. तिचं खरं होतं. ज्याचं दळण रांगेत लागलंय तो माणूस कुठे जाणार? सगळी माणसं डबे घेऊन बसलेली आणि एक डबा उतरून दुसरा चढेपर्यंत जी थोडी शांतता मिळे तिच्यात मी बोलायचो. बोलता बोलता माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या.

प्रश्न मात्र रोकडे आले. उडिया कारागिराने विचारलं, मी गावी परत गेलो तर? शेअर परत करता येईल, नियमाप्रमाणे पैसे मिळतील. पावसाळ्यात काय? कमी बनेल, पण बनेल. शिंप्याने विचारलं, पैसे बुडाले तर? मी म्हटलं, बुडूही शकतात. कपड्याच्या धंद्यात मंदी आली आणि कांतिभाईंचे माग थांबले, तर वीज कंपनीला कमी भावाने जाईल आणि आपला वाटा आटेल. सगळं घरदार विकून कोणी यात पडू नका. जे गेलं तर रात्री झोप लागेल तेवढंच घाला. हे ऐकून नाना मला डोळ्यांनी दटावत होता. पण मी पाहिलं, बुडू शकतात म्हटल्यावरच माणसं नीट पुढे सरकून बसली. बुडणार नाहीत असं सांगणारे त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिले होते.

तेवढ्यात दारात आक्का दिसली. काठी टेकत आली होती, पण उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. माणसं वळून बघू लागली. चक्की मात्र चालू होती.

आक्काने बाहेरूनच विचारलं, "मना पोऱ्यानी जास्ती शेर लिधा. मंग त्यानं मत जास्ती का नही?"

मी म्हटलं, "नाही आक्का. शेअर कितीही घ्या, माणशी मत एकच. सहकारात असंच असतं."

"अन् हाई बाईनं?" तिने सुमनताईकडे काठी केली.

"तिचंही एक. नानाइतकंच."

सुमनताईने चक्की बंद केली. त्या सकाळी पहिल्यांदाच. तिने एक रिकामा डबा पालथा घातला, त्यावरचं पीठ फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "आक्का, आत येऊन बसा. बाहेर उभं राहून मत देता येत नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता आणि आर्जवही नव्हतं. दळायला आलेल्या कोणालाही तिने तसंच सांगितलं असतं. आक्का तिच्याकडे बघत राहिली. मग नानाकडे, मग माझ्याकडे. ही म्हातारी पाठ फिरवून गेली असती, तर तिच्या मागे आमची अर्धी भाऊबंदकी गेली असती आणि मंडळी तिथेच बारगळली असती.

आक्काने चपला काढल्या आणि ती आत आली. डब्यावर बसली. का आली, ते मी तिला कधी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. कोणाच्या मनात काय फिरतं हे तपासायचा टेस्टर अजून निघालेला नाही.

त्या सकाळी शिंपी सभासद झाला, उडिया कारागीर झाला, पुढे त्याच्या खोलीतले दोघे झाले, बौद्ध वस्तीतली घरं आली. कार्यकारिणीत सुमनताईचं नाव कोणी सुचवलं असेल? नानाने! कचेरीतल्या बाईंनी या वेळी नावं वाचली आणि शिक्का मारला. नाना बाहेर येऊन पायरीवर बसला आणि चक्क रडला.

दिवाळीच्या आत करार झाला आणि थंडीत कांतिभाईंच्या छपरावर पाट्या चढल्या. उद्घाटनाच्या दिवशी माझी खरी परीक्षा झाली. आमच्या माणसांना नवी वस्तू दिसली की हात हळदीकुंकवाकडे जातो. मी खाली मीटर बघत होतो, तेवढ्यात एका रांगेचा आकडा घसरला. वर जाऊन बघतो तर नानाने पहिल्या पाटीवर भलामोठा स्वस्तिक काढलेला आणि वर झेंडूची माळ! मी डोक्याला हात लावला. पाट्या रांगेने एकमेकींना जोडलेल्या असतात. आमच्या मांडणीत एकीवर सावली पडली की तिच्यामुळे अख्खी रांग मंदावते. नानाला म्हटलं, "नाना, देवीला कुंकू लावतात, तिचे डोळे नाही झाकत." सुमनताईने ओल्या फडक्याने स्वस्तिक पुसला आणि माळ खालच्या लोखंडी पायाला बांधली. तेव्हापासून पूजा पायाला, हे आमच्या मंडळीत ठरून गेलं.

आता तिथली देखभाल माझ्याकडे आहे. लूमच्या भागात कापसाची, धाग्याची बारीक रुई सतत उडते आणि काचेवर बसते. ती सकाळी ऊन तापायच्या आत धुवायची, कारण तापल्या काचेवर गार पाणी टाकू नये. उत्तरायणानंतर, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतर, तुटलेल्या पतंगांचा मांजा वेचायचा. येणारा प्रत्येक सभासद एकच विचारतो, "यातली माझी पाटी कोणती?" मी सांगतो, कोणतीच नाही आणि सगळ्याच. तो खट्टू होतो. म्हणून हल्ली मी कुठल्यातरी पाटीकडे बोट दाखवतो. माणूस तिचा मोबाईलमध्ये फोटो काढतो आणि खूश होऊन जातो. लबाडी आहे, पण निरुपद्रवी आहे.

उन्हाळा गेला, पाऊस आला, श्रावण आला. कानबाईच्या आधीच्या दिवशी मी सुमनताईकडे मोटरचा पट्टा बघायला गेलो होतो. आभाळ भरलेलं होतं. बाहेर डब्यांची रांग होती. गुडघ्यावर बसून पट्टा ताणत असताना मला काठीचा आवाज आला.

आक्का होती. मागे नाना, डोक्यावर गव्हाचं गाठोडं. कानबाईचे गहू. रिक्षा कुठे दिसत नव्हती.

मी पट्टा सोडून दिला. सुमनताईने गाठोड्याकडे बघितलं, आक्काकडे बघितलं. ते गहू कशाचे आहेत हे तिला सांगावं लागलं नाही. ती धावून पुढे येईल, गाठोडं हातात घेईल, डोळे भरून येतील, असं काहीतरी मला वाटलं होतं. तिने फक्त रांगेकडे हात केला.

"नंबर लावा, आक्का. आधी हे डबे आहेत."

नानाचा चेहरा पडला. आमच्या आक्काला साऱ्या हयातीत कोणी रांगेत उभं केलेलं नव्हतं. लांबच्या चक्कीवाला तर तिला बघून इतरांचं दळण थांबवायचा.

आक्काने गाठोडं रांगेच्या शेवटी ठेवायला लावलं. मग ती आत आली, स्वतःच एक डबा पालथा घातला आणि त्यावर टेकली. बाहेरच्या ढगांकडे बघितलं आणि सुमनताईला विचारलं,

"आज आपली लाईट कितली बनी व?"

सुमनताईने मोबाईल काढला. शेडवरचा आकडा आता त्यात दिसतो. "ढग आहेत आक्का. कमी बनतेय. पण बनतेय."

"मंग दळ," आक्का म्हणाली. "मी बठस."